पंखवाली स्त्री, हातातला दिवा आणि पुठ्ठ्यावरचे नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून चौकटीत बसवलेले एक लहानसे शाईचित्र विकत घेतले. कागद साधारण १३ सेंटिमीटर उंच आणि ८ सेंटिमीटर रुंद आहे. चित्रात गुहेच्या तोंडाशी एक दाढीवाला पुरुष हातात दिवा धरून वाकला आहे. त्याच्या पायाशी एक स्त्री निपचित पडली असून, छत्रीच्या काड्यांसारख्या बरगड्या असलेले पंख तिच्या अंगाभोवती गुंडाळलेले आहेत. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘स्टॉथर्ड’ असे लिहिले आहे, पण विकणाऱ्याने जाता जाता ‘ब्लेकचेही असू शकेल’ असे सुचवून ठेवले. कागदावर तपकिरी ठिपके उठले आहेत. हे चित्र कोणाचे, दृश्य कशाचे, ठिपके काढावेत का, आणि चित्र पुण्याच्या घरी नेऊन भिंतीवर लावले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. कागदावरील चित्रांची तपासणी आणि जतन हे माझे पंचवीसेक वर्षांचे काम आहे. प्रत्यक्ष चित्र माझ्या टेबलावर नसल्याने मी इथून निकाल देणार नाही, परंतु तुमचे तुम्हाला पुष्कळ अंतर कापता येईल इतके मी निश्चित सांगू शकतो.

दृश्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या वर्णनात ते ओळखण्याची खूण स्पष्ट आहे. रॉबर्ट पॉल्टॉक या लेखकाची ‘पीटर विल्किन्स’ ही कादंबरी १७५१ साल घालून लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक कॉर्नवॉलचा. समुद्रप्रवासात तो दक्षिण ध्रुवाकडच्या निर्जन प्रदेशात अडकतो आणि तळ्याकाठच्या एका गुहेत घर करून राहतो. एका रात्री बाहेर काही पडल्याचा आवाज येतो, तो दिवा घेऊन धावतो आणि त्याला बेशुद्ध पडलेली एक स्त्री दिसते. ती उडणाऱ्या माणसांच्या जातीतली असते. या जातीतल्या पुरुषांना कादंबरीत ‘ग्लम’ आणि स्त्रियांना ‘गॉरी’ म्हटले आहे, तर त्यांच्या अंगाबरोबरच वाढलेल्या पंखांच्या यंत्रणेला ‘ग्रॉन्डी’. ही ग्रॉन्डी पक्ष्याच्या पंखांसारखी पिसांची नाही. बरगड्यांवर ताणलेले पातळ कातडे असावे तशी ती आहे, आणि मिटली की अंगासरशी वस्त्रासारखी गुंडाळली जाते. तुमच्या चित्रातल्या पंखांना पिसे नसून काड्या आहेत, हा तपशील म्हणूनच निर्णायक ठरतो. देवदूत, पऱ्या, मन्मथ यांची पंखवाली चित्रे त्या शतकात ढिगाने निघाली, पण छत्रीसारखे मिटणारे पंख असलेली स्त्री आणि दिवा घेतलेला दाढीवाला पुरुष ही जोडी दुसरीकडे सहसा सापडणार नाही.

कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीतही चित्रे होती आणि ती लुई फिलिप बुआतार या चित्रकाराने केली होती. पंखांची रचना आणि त्यांचे यंत्र स्पष्टपणे दाखवणारी चित्रे आत आहेत, असे आश्वासन त्या आवृत्तीचे शीर्षकपृष्ठच देते, आणि बुआतारची चित्रे ते आश्वासन अगदी शब्दशः पाळतात. उघडलेली ग्रॉन्डी, मिटलेली ग्रॉन्डी, पुढून आणि मागून, जणू शरीरशास्त्राच्या पुस्तकातले तक्ते. तुमच्या चित्रात मात्र यंत्र मागे पडले आहे आणि प्रसंग पुढे आला आहे. वाकलेला माणूस, त्याच्या हातातला उजेड, आणि ती जिवंत आहे की नाही ही त्याच्या देहबोलीत उतरलेली शंका. अद्भुत प्रसंग घरगुती करून दाखवण्याची ही पद्धत पुढच्या पिढीची आहे, आणि त्या पिढीत हे काम सर्वांत सहजपणे करणारा माणूस म्हणजे टॉमस स्टॉथर्ड. त्यामुळे पुठ्ठ्यावरचे नाव अगदीच हवेतून आलेले नाही, एवढे पहिल्याच पायरीवर म्हणता येते.

स्टॉथर्डचा जन्म १७५५ मधला, लंडनच्या लाँग एकर भागातल्या एका खाणावळवाल्याच्या घरातला. तरुणपणी तो स्पिटलफील्ड्सच्या रेशमी विणकरांसाठी नक्ष्या काढणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला होता आणि १७७७ मध्ये रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. त्याला पोटाला लावले ते पुस्तकांनी. त्यामागे कायद्याचा एक निकाल आहे. ग्रंथाचा हक्क प्रकाशकाकडे कायमचा राहू शकत नाही, असे इंग्लंडच्या उमराव सभेने १७७४ मध्ये ठरवले, आणि जुने लोकप्रिय ग्रंथ कोणालाही पुन्हा छापता येऊ लागले. मजकूर सगळ्यांनाच मोकळा झाल्यावर एका प्रकाशकाचे पुस्तक दुसऱ्याच्या पुस्तकाहून वेगळे दिसावे कसे? उत्तर होते चित्र. जॉन बेल या प्रकाशकाने १७७७ पासून कवींची १०९ लहान खंडांची माला काढली, तर हॅरिसन या प्रकाशकाने १७८० पासून ‘नॉव्हेलिस्ट्स मॅगझिन’ या नावाने कादंबऱ्या सहा पेन्सच्या साप्ताहिक भागांत विकायला घेतल्या. या दुसऱ्या मालेसाठी एकट्या स्टॉथर्डने १४८ चित्रे काढली आणि त्याला एका चित्रामागे साधारण एक गिनी, म्हणजे त्या काळचे एक सोन्याचे नाणे, मिळत असे. ‘पीटर विल्किन्स’ १७८३ मध्ये याच मालेत पुन्हा छापले गेले, स्टॉथर्डच्या चित्रांसह. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे १७९४ मध्ये तो अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला आणि १८३४ मध्ये वारला. त्याच्या एकूण रेखाटनांचा आकडा पाच हजारांच्या आसपास सांगतात आणि त्यांतली सुमारे तीन हजार कोरून छापली गेली.

हा आकडा मनात ठेवून आता आपल्या हातातल्या कागदाकडे पाहू, कारण माझ्या मते सगळा उलगडा इथेच होतो. आपण आज ज्याला चित्र म्हणतो, ते त्या काळी तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या कारागिराला दिलेले कामाचे पत्रक होते. वाचकाच्या हाती जायचे ते छापचित्र. रेखाटन तिथवर पोहोचवण्याचे साधन, आणि काम झाले की ते कोरणाऱ्याच्या खणात, प्रकाशकाच्या गठ्ठ्यात किंवा थेट कचऱ्यात. ते लहान का, रंगाशिवाय का, त्याची रेषा मधूनच तुटलेली का, त्याच्या पाठीवर तांबूस डाग का, या सगळ्यांचे उत्तर या एका गोष्टीत आहे. म्हणून ‘हात कोणाचा’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी ‘या कागदाने कोणते काम केले’ हे विचारावे, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगतो. काम केल्याच्या खुणा खोट्या करणे फार अवघड असते. नाव लिहायला मात्र एक पेन्सिल पुरते.

पहिली खूण मापाची. कोरणाऱ्याला रेखाटन जसेच्या तसे पत्र्यावर उतरवायचे असल्याने रेखाटनातली प्रतिमा आणि छापातली प्रतिमा जवळजवळ एकाच मापाच्या असतात. १७८३ च्या छापांच्या प्रतिमा मोठ्या ग्रंथालयांत आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. स्टॉथर्डच्या छापचित्रांचा फार मोठा साठा ब्रिटिश म्युझियममध्ये असून, तिथल्या छापचित्र विभागात वेळ ठरवून गेल्यास ते हातात घेऊन पाहता येतात. तिथे प्रतिमेची उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. पुरुषाच्या डोक्यापासून स्त्रीच्या पावलापर्यंतचे अंतरही मोजा आणि ते आपल्या चित्राशी ताडून पाहा. पडद्यावरच्या प्रतिमेवरून माप घेऊ नका, ते फसवते. पत्र्याच्या तळाशी असलेला बारीक मजकूरही वाचा. १७३५ च्या कायद्याने छापचित्राचा हक्क राखायचा तर प्रसिद्धीचा दिवस आणि मालकाचे नाव पत्र्यावर कोरणे आवश्यक केले होते, त्यामुळे अशा छापांना दिवसासकट तारीख असते. डाव्या कोपऱ्यात ‘डेल.’ या अक्षरांआधी रेखाटणाऱ्याचे नाव आणि उजव्या कोपऱ्यात ‘स्कल्प.’ या अक्षरांआधी कोरणाऱ्याचे. जन्मतारीख इतकी नेमकी सांगणारी कला दुसरी क्वचितच असेल.

दुसरी खूण दिशेची, आणि इथे पुष्कळ लोक घाई करतात. तांब्याच्या पत्र्यावर जे कोराल त्याची छापात उलटी प्रतिमा येते. कोरणाऱ्याने रेखाटन सरळ पाहून तसेच कोरले, तर छापात डावे उजवे होते. म्हणजे तुमच्या चित्रात दिवा उजव्या हातात आणि छापात डाव्या हातात असेल, तर ती तुमच्या बाजूची गोष्ट आहे. पण दोन्हींत दिशा एकच आहे एवढ्यावरून तुमचे चित्र छापावरून केलेली नक्कल ठरत नाही. कोरणारे पुष्कळदा पातळ कागदावर पेन्सिलीने रेखाटन गिरवून घेत, तो कागद ओला करून पत्र्यावरच्या मेणाच्या थरावर पालथा ठेवत आणि दाबयंत्रातून काढत. पेन्सिलीची रेषा उलटी होऊन मेणावर उतरे आणि अखेरचा छाप रेखाटनाच्याच दिशेने येई. काही जण समोर आरसा ठेवून कोरत. म्हणून दिशा उलटी असेल तर पुरावा, सुलटी असेल तर नुसती माहिती, इतकेच तिचे वजन धरा.

तिसरी खूण हस्तांतराची, आणि ही मला सर्वांत प्रिय आहे. खोलीतले दिवे मालवा आणि एकच टॉर्च कागदाच्या पातळीशी जवळजवळ समांतर, एका बाजूने धरा. मुख्य आकृत्यांच्या कडांवरून बोथट टोकाने ओढल्यासारख्या बारीक घळी दिसतात का ते पाहा. कोरणारा रेखाटनाच्या पाठीवर लाल खडूची भुकटी चोळून, किंवा खडू लावलेला दुसरा कागद मध्ये घालून, कडा दाबत पत्र्यावर उतरवत असे. पाठ लालसर असेल, कडांवर घळी असतील, आणि त्या घळी शाईच्या रेषेशी कुठे कुठे किंचित चुकलेल्या असतील, तर हा कागद कोरणाऱ्याच्या टेबलावर जाऊन आला, असे मानायला मोठा आधार मिळतो. पातळ कागदावर गिरवून घेतले असेल तर घळी नसतील, म्हणून त्या दिसल्या नाहीत तरी नाराज होऊ नका.

आता हाताकडे येऊ. स्टॉथर्डची या काळातली लहान रेखाटने बहुधा आधी पेन्सिलीचा अस्पष्ट शोध, त्यावर शाईची हलकी, जागोजागी तुटणारी बाह्यरेषा, आणि मग करड्या किंवा तपकिरी शाईचा पातळ वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा कुंचल्याने दिलेला थर, अशा क्रमाने बनतात. माणसे जरा उंच, डोकी लहान, मान आणि मनगटे मऊ, वस्त्राच्या घड्या लांब आणि वाहत्या. चेहऱ्यात डोळा म्हणजे एक ठिपका आणि ओठ म्हणजे एक आडवा स्पर्श, कारण बाकीचे कोरणारा बघून घेईल हे त्याला ठाऊक होते. तुमच्या चित्रात खरी कसोटी दिव्याची आहे. या प्रसंगात उजेडाचे उगमस्थान एकच, त्यामुळे मूळ रेखाटन करणारा वॉश देताना दिव्यापासून बाहेरच्या दिशेने विचार करतो: पुरुषाच्या छातीवर कोरा कागद सोडलेला, पाठीवर गडद थर, स्त्रीच्या गालावर पुन्हा कोरा कागद, गुहेच्या कमानीत दोनदा दिलेला वॉश. छापावरून नक्कल करणाऱ्यापुढे मात्र उजेड नसतो, कोरणाऱ्याने त्या उजेडाचे केलेले भाषांतर असते. समांतर रेषांची जाळी, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा, त्यांच्या चौकोनांत टिंबे. तो बिचारा तेच प्रामाणिकपणे लेखणीने उतरवतो. म्हणून भिंग घेऊन सावल्या पाहा. सावलीत वॉशचा ओला काठ दिसला तर उत्तम. तिथे बारीक रेषांची नीटनेटकी जाळी दिसली, तर हे चित्र त्या काळच्या एखाद्या हौशी हाताने छाप समोर ठेवून केलेले असण्याचा संभव जास्त. अशा नकला फसवण्यासाठी केलेल्या नसत. चित्रकलेची शिकवणी घेणारी घरोघरची मुले आणि स्त्रिया छाप गिरवूनच हात बसवत.

अद्भुत गोष्ट काढताना या माणसाचे डोके कसे चाले, याचा एक किस्सा त्याचे चरित्र लिहिणाऱ्या त्याच्या सुनेने, ॲना एलायझा ब्रे यांनी, नोंदवला आहे. त्याला एक वायुकन्या रंगवायची होती आणि असल्या काल्पनिक जीवाला पंख कसे द्यावेत हे सुचत नव्हते. मित्र म्हणाला, फुलपाखराचे दे. स्टॉथर्ड उठला, काही मैल चालत शेतांत गेला, एक फुलपाखरू पकडून आणले आणि त्यावरून पंख रंगवला. याउलट हेन्री फ्यूझेली या चित्रकाराने १७८२ मध्ये ‘दुःस्वप्न’ हे चित्र अकॅडमीत मांडले, त्यात झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला पिशाच्चासारखा प्राणी कोणत्याही शेतात सापडणारा नाही. दोघांची वर्षे तीच, शहर तेच. तुमच्या चित्रातली पंखांची जोडणी खांद्यापाशी कशी बसवली आहे ते नीट पाहा. बरगड्या एका ठिकाणाहून निघून क्रमाने दूर होत असतील, म्हणजे उघडल्या तर खरोखर उघडतील अशा असतील, तर तो फुलपाखरू पकडायला जाणाऱ्या माणसाचा स्वभाव आहे.

विकणाऱ्याने ब्लेकचे नाव का घेतले असेल, तेही सांगतो. विल्यम ब्लेक पोटासाठी कोरणारा कारागीर होता आणि १७८० च्या सुमारास त्याने स्टॉथर्डची बरीच रेखाटने, ‘नॉव्हेलिस्ट्स मॅगझिन’मधली धरून, तांब्यावर कोरली. त्यामुळे एकाच छापाखाली दोघांची नावे सापडतात, आणि बाजारात जास्त मोल असलेले नाव आधी उच्चारले जाते. पुढे चॉसर या कवीच्या काव्यातल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या चित्रावरून दोघांत कायमचे वितुष्ट आले. पण स्टॉथर्डच्या कादंबरीचित्रांवर नाव कमावले ते जेम्स हीथ याने, आणि या मालेपुरते बोलायचे तर कोरीव कामात हीथचा हात ब्लेकपेक्षा या नाजूकपणाला अधिक मानवतो, असे माझे मत आहे. ब्लेकच्या रेखाटनात देहाची बाह्यरेषा तारेसारखी सलग आणि ताठ असते. तुमच्या वर्णनातला मऊ, वाकलेला पुरुष त्याच्याकडे जाईल असे मला वाटत नाही.

कागद आणि शाई वय सांगतात, नाव सांगत नाहीत. कागद उजेडासमोर धरला असता दाट, समांतर बारीक रेघा आणि त्यांना छेदणारी, सुमारे अडीच सेंटिमीटरवर एकेक ठळक रेघ दिसली, तर तो तारांच्या साच्यावरचा जुना कागद. रेघा नसून पोत सगळीकडे सारखा असेल, तर तो विणलेल्या जाळीच्या साच्यावरचा. असा गुळगुळीत कागद व्हॉटमन या कागदवाल्याने बनवला आणि १७५७ मध्ये बास्करव्हिल या मुद्रकाने छापलेल्या लॅटिन कवी ‘व्हर्जिल’च्या ग्रंथात तो प्रथम पुस्तकासाठी वापरला गेला, तेव्हा १७८३ मध्ये दोन्ही शक्य आहेत. जलचिन्हाचा, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेचा, तुकडा सापडला आणि त्यात सालाचे आकडे असले तर विशेष लक्ष द्या. १७९४ च्या करविषयक कायद्यानंतर इंग्रजी कागदात साल घालण्याची प्रथा रुजली. त्यामुळे तुमच्या कागदात उदाहरणार्थ १८०१ दिसले, तर हे १७८३ च्या छापासाठीचे रेखाटन नाही हे तिथेच संपले. मग ते स्टॉथर्डने स्वतः नंतर पुन्हा काढलेले असेल किंवा दुसऱ्याचे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची चकाकी आणणारी द्रव्ये आहेत आणि पुढचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

शाई तपकिरी आहे म्हणजे ती तपकिरीच केली होती असे समजू नका. त्या काळी लिहिण्याची सर्वसाधारण शाई मायफळ, हिराकस हा लोहाचा क्षार आणि बाभळीच्या जातीचा डिंक यांची असे. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. ही शाई काळी उतरते आणि दशकांनी तपकिरी होत जाते. दाट लावली असेल तिथे कागद खाते, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना फिकट तपकिरी झाक पसरते. काजळाची शाई काळीच राहते. काजळीच्या अर्कापासून केलेली बिस्टर नावाची तपकिरी शाईही वॉशसाठी वापरात होती. अवरक्त किरणांतल्या छायाचित्रात मायफळाची शाई फिकी पडते आणि काजळाची गडद राहते, म्हणून मी अशा कागदांचे एक अवरक्त छायाचित्र नेहमी काढतो. वॉशखालची पेन्सिलही त्यात वर येते, आणि पेन्सिलीत बदललेला हात किंवा सरकवलेला पाय दिसला तर मला फार आनंद होतो. नक्कल करणाऱ्याला मत बदलण्याचे कारण नसते.

पुठ्ठ्यावरच्या नावाबद्दल मी थंड आहे. स्टॉथर्डची अशी पुष्कळ रेखाटने सहीविना आहेत आणि त्यांच्यावर नावे चढवण्याचे काम पुढच्या व्यापाऱ्यांनी, संग्राहकांनी आणि वारसांनी केले. कधी माहितीने, कधी आशेने. मात्र चित्राच्या कागदावरच, बहुधा खालच्या कोपऱ्यात किंवा पाठीवर, अक्षरांचा किंवा चिन्हाचा एखादा लहान शिक्का असेल, तर तो जुन्या संग्राहकाचा असू शकतो. अशा शिक्क्यांचा कोश फ्रिट्स लुग्ट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो आता इंटरनेटवर शोधता येतो. किमतीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी मोह होऊ नये म्हणून सांगतो: पाच हजार रेखाटने करणाऱ्या माणसाचे एक लहान रेखाटन दुर्मीळतेच्या भावाने विकले जात नाही. ज्या छापासाठी ते काढले तो छाप शेजारी ठेवता आला, तरच त्याचे मोल खरोखर वाढते.

ठिपक्यांना हात लावू नका. त्यांना आमच्या धंद्यात फॉक्सिंग म्हणतात आणि ते कागदातली बुरशी, लोहाचे कण आणि दमटपणा यांच्या संगनमताने उठतात. घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. कोणी पावाचा मऊ गर चोळायला सांगेल, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा फिरवायला. मी उमेदवारीत असताना अशाच एका लहान रेखाटनाचा मळ काढण्यासाठी खोडरबर फिरवला होता. मळ गेला आणि त्याबरोबर वॉशबाहेर राहिलेली मूळ पेन्सिलही गेली. ती चूक अजून मला टोचते. पाणी तर त्याहून वाईट, कारण मायफळाच्या शाईतले लोह पाण्याबरोबर कागदात पसरते आणि जिथे आज रेषा आहे तिथे उद्या डाग होतो. ठिपके पसरत नसतील, तर ते राहू द्यावेत.

खरा शत्रू बहुधा मागचा पुठ्ठा आहे. जुन्या चौकटींतले पुठ्ठे लाकडाच्या लगद्याचे असतात, त्यांतले आम्ल हळूहळू कागदात उतरते आणि त्याला पिवळा, ठिसूळ करते. संवर्धकाकडून चौकट उघडवून घ्या, कागद आम्लमुक्त सुती बोर्डाच्या खिडकीत बसवून घ्या, आणि तो जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांवर, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला टांगलेला असू द्या. चिकटपट्टी कोणत्याही नावाने आली तरी नको. काच कागदाला टेकता कामा नये. हे सगळे करण्याआधी पुठ्ठ्याच्या लिखाणाची आणि चौकटीच्या पाठीची छायाचित्रे काढा, आणि पुठ्ठा फेकू न देता वेगळ्या पाकिटात जपून ठेवा. नावाबद्दल मी थंड असलो तरी ज्याने ते लिहिले त्याचे अक्षर पुढे कोणाला तरी ओळखता येईल.

पुण्याबद्दल. इंग्लंडमध्ये ५० वर्षांहून जुन्या कलावस्तू बाहेर नेताना वय आणि किंमत पाहून परवान्याचे नियम लागू होतात, त्यामुळे नेण्याआधी तिथे आणि इथल्या सीमाशुल्काकडेही चौकशी करा. हवामानाचे म्हणाल तर अडचण उन्हाळ्यापेक्षा जून ते सप्टेंबरची आहे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिली की बुरशीला आणि कसरीला आयते आमंत्रण मिळते. बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा खिडकीसमोर हे चित्र लावू नका. आतल्या भिंतीवर लावा, चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवा, आणि उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत राखा. वर्षातले पावसाळ्याचे चार महिने ते आम्लमुक्त पेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह, कपाटात आडवे ठेवले तर माझे मन अधिक स्वस्थ राहील.

पुण्याला अशी कागदे नवी नाहीत, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. तुमच्या चित्रानंतर दहाएक वर्षांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट याच्या पदरी काम करणारा गंगाराम तांबट त्याच सुमारास वेरूळची लेणी शाई आणि वॉशने उतरवत होता. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने लंडनमध्ये १८०३ साली छापचित्रे काढली. रेखाटन एकाचे, पत्रा दुसऱ्याचा, हीच ती व्यवस्था. तांबटांची रेखाटने आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा पाहता येतात. एका ओळखीच्या लेण्यावर वॉश कसा चढतो हे तिथे पाहून मग आपल्या गुहेच्या कमानीकडे वळलात, तर मी वर सावलीबद्दल जे लिहिले ते डोळ्यांना लवकर कळेल.

तुम्ही मला पाठवायच्या गोष्टी तूर्त चारच: चौकटीतून काढल्यावरचे अचूक माप, बाजूने टॉर्च धरून काढलेले छायाचित्र, पाठीचे छायाचित्र, आणि दिवा धरलेल्या हाताचा भिंगातून घेतलेला तपशील. दिवा कोणत्या हातात आहे, हे पत्रात लिहायचे राहून गेले आहे. तेवढे आधी कळवा.